आटपाडीत चालते, वाईत मरते

इमाम पिंजाऱ्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकानं तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. तशी पाटी लावलेली नव्हती. पाटी वाचायला वेळ लागतो, आणि इमाम त्याच्या आधीच खेकसायचा.

"इमामभाई, गाडीला काय हुतंय सांगू का..."

"तू डाक्टर हाईस का? मग गप. गाडीला बोलू दे."

मग तो किक मारायचा, मान तिरकी करायचा आणि डोळे मिटून एक्सलेटर हळूहळू पिळायचा. समोरच्या लालासाहेबाच्या हॉटेलातली बाकडीसुद्धा तेवढा वेळ चहाचा फुरका मारायची थांबायची. "फ्लोट चिकटलाय," इमाम निकाल द्यायचा. कार्बोरेटर उघडला की पेट्रोलवर तरंगणारा तो फ्लोट चिकटलेलाच निघायचा. हीच तर सगळी पंचाईत होती. सदा बरोबर निघणाऱ्या माणसाच्या डोक्यात हवा जाते, आणि इमामच्या डोक्यात एवढी हवा होती की तिच्यावर आटपाडी तालुक्यातली निम्मी इंजिनं चालली असती.

खरं तर या माणसानं गाद्या भरायच्या होत्या. बाप दस्तगीर पिंजारी. खांद्यावर पुरुषभर लांबीची पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं तात लावलेलं लाकडी धनुष्य, टाकून तो आटपाडीपासून जतपर्यंतच्या वस्त्या फिरायचा. तातेचा टंगटंग आवाज आला की बायका गोळे झालेल्या उशा घेऊन दारात यायच्या. इमामला ते जमलं नाही, आणि त्याचं कारण अगदीच पोरकट होतं. कापसाचा तंतू हवेत उडाला की त्याला शिंका यायच्या. एकेक नाही, माळच्या माळ लागायची. एका लग्नाची गादी भरताना तो असा शिंकला की पिंजलेला कापूस उडाला आणि नवरीच्या बापाच्या मिशीवर जाऊन बसला. दस्तगीरनं तिथल्या तिथं पोराच्या पाठीत तातेवर मारायचा लाकडी ठोकळा घातला. इमाम जो पळाला तो विट्याच्या एका गॅरेजात घुसला. तिथं पेट्रोलचा वास आला, शिंक आली नाही. आपल्या आयुष्याचा निकाल मोठमोठ्या कारणांनी लागला असं माणसं सांगत सुटतात. इमामच्या आयुष्याचा निकाल नाकानं लावला.

बापाची पिंजण मात्र घरात भिंतीला टांगलेली राहिली. बायको शबाना तिच्यावरची धूळ पुसायची, आणि नवऱ्याचं डोकं तापलं की नुसती तिकडं बघायची. तेवढं पुरायचं.

आता जमाना आला इंजेक्शनच्या गाड्यांचा. त्यांना हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच नसतो. वायर लावायची, पडद्यावर आकडे बघायचे, पार्ट बदलायचा. इमाम त्याला मेकॅनिकी म्हणायला तयार नव्हता. त्याचं गॅरेज दिघंची रस्त्याला उभं राहिलं होतं ते धनगरांच्या जिवावर. पूर्वी मेंढरांच्या कळपामागं घोडी असायची. तिच्या पाठीवर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर नवजात कोकरं. आता घोडीच्या जागी मोटारसायकल आली, आणि ती नेहमी जुनी असते, कारण नव्या गाडीवर कोकरू मुतलेलं बघवत नाही.

मल्हार मेटकरीची गाडी तशीच. तिच्यामागं कोकरं न्यायला कॅरेज हवं होतं, तर इमामनं सळया आणि पट्ट्या जोडून असं दणकट वेल्डिंग मारलं की सीट आणि बाजूचं झाकण त्याच्यामागं जन्मठेपेला गेलं. त्या झाकणाच्या आत हवेचा फिल्टर.

"फिल्टर नवा टाकलाय," इमाम म्हणाला. "आता माशी जायची न्हाई आत. आन् ध्यानात ठेव मल्हाऱ्या, धूळ लय बेकार. हवेतनं धूळ गेली की कार्बेटर मेला. धुळीला आत जाऊ द्यायचं न्हाई. काय?"

"व्हय," मल्हार म्हणाला.

इमामच्या तोंडातनं दिवसभर असलं बरंच काही बाहेर पडायचं आणि तो ते विसरूनही जायचा. मल्हार विसरला नाही. त्यानं ते घरी जाऊन आईला सांगितलं.

सहा महिने गाडी सुतासारखी चालली. मग दिवाळी झाली, माणदेशातलं गवत संपलं आणि मल्हार नेहमीसारखा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघाला. वाईच्या बाजूला शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवा म्हणून मागं लागतात. लेंड्यांचं खत फुकट कुणाला नको? तिथं कृष्णाकाठच्या एका वावरात बिऱ्हाड पडलं, आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी गाडी मेली. किक मारून मारून मल्हारच्या पोटरीचा गोळा वर चढला. सायलेन्सरमधनं काळा धूर निघायचा, पेट्रोलचा भपकारा यायचा आणि एक ठसका देऊन सगळं शांत.

शनिवारी आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार. टेम्पो बोकडं घेऊन तिकडं निघालाच होता, त्यात गाडी चढवली. बोकडांनी रात्रभर तिचं हँडल चाटलं. दुसऱ्या दिवशी मल्हारनं ती इमामच्या दारात ढकलत आणली. इमामनं किक मारली. एकच. गाडी चालू.

"ही बंद हाय व्हय रं?"

"तिकडं बंद हुती."

"मल्हाऱ्या, गाडी न्हाई, तुझा पाय बंद हाय."

लालासाहेबानं हॉटेलातनं टाळी वाजवली. "इमामभाईचं थोबाड बघूनच चालू झाली गड्या! भ्याली!"

मेंढी लंगडत आली आणि दारात पोचल्यावर तुरूतुरू पळायला लागली, तर धनगराला संशय येतो. इमामला आला नाही. त्याला ते आवडलं. त्यानं उगाच एक स्क्रू इकडचा तिकडं केला आणि मल्हारला वाटेला लावलं. गाडी त्या दिवशी थेट वाईपर्यंत नीट गेली. दुसऱ्या सकाळी फोन.

"इमामभाई, मेली."

"फोन सायलेन्सरपाशी धर. किक मार." इमामनं डोळे मिटले. "ह्यो आवाज कसला?"

"मेंढी हाय ती."

"तिला गप कर आदी."

"तुमच्या गॅरेजात असती तर झाली असती गप."

इमामनं तेवढं कानाआड केलं आणि निकाल दिला: पेट्रोल. "उसाचं स्पिरिट मिसळत्यात त्यात हल्ली. ते पाणी धरतंय. ज्यांनी आपल्या वाटणीचं पाणी उसाला पाजलं, तीच मानसं आता ऊस आपल्या गाडीला पाजाय लागल्यात! कार्बेटरच्या बुडाचा स्क्रू ढिला कर, खालची वाटी रिकामी कर, नवं पेट्रोल येऊ दे."

या रागात खोटं काही नव्हतं. टँकरची वाट बघत ज्यांच्या आया म्हाताऱ्या झाल्या त्यांनी उसावर नाही चिडायचं तर कुणावर? पण मल्हारची गाडी उसानं मरत नव्हती. त्यानं वाटी रिकामी केली. दुपारी गाडी चालू झाली, म्हणून इमाम बरोबर ठरला. दुसऱ्या सकाळी पुन्हा मेली, म्हणून मल्हारनं पुन्हा टेम्पो गाठला. पुन्हा बोकडं, पुन्हा आटपाडी, पुन्हा इमामची एकच किक आणि गाडी चालू.

या वेळी लालासाहेब टाळ्या वाजवण्याऐवजी खुर्ची घेऊन बघायलाच बसला.

इमामनं कार्बोरेटर उतरवला. प्लग काढला तर तो चुलीतल्या लाकडासारखा काळाठिक्कर. "पेट्रोल जास्त पितीया," तो म्हणाला. जेटच्या भोकातनं उजेड बघितला, तोंडानं फुंकलं, फ्लोटची पातळी उतरवली, सुई एक घर खाली घेतली म्हणजे पेट्रोल कमी जाईल. हात देखणे चालत होते. मल्हार शेजारी उकिडवा बसून बघत होता, आणि मधेच त्यानं दबकत तोंड उघडलं.

"आवं इमामभाई, आई म्हनत हुती का, त्या फिल्टरपाशी..."

"तुझी आई मेंढरांची डाक्टर, गाडीची न्हवं. गप."

मल्हार गप बसला. गाडी जोडली, दुपारच्या उन्हात दिघंचीपर्यंत पळवून आणली. झकास.

"आन् पुन्यांदा बंद पडली तर?" लालासाहेबानं बशीतला चहा ओढता ओढता विचारलं.

त्यानं विचारायला नको होतं, किंवा विचारलंच तर हसत विचारायला नको होतं. इमामनं पाना खाली आपटला.

"पुन्यांदा बंद पडली तर पाना ठिवून देतो! बापाची पिंजण काढतो आन् हितं, तुझ्या हाटेलापुढं, गाद्या भरत बसतो! हाय का आनखी काय?"

पिंजण हा शब्द इमामच्या तोंडून आटपाडीनं आजवर ऐकला नव्हता.

गाडी दोन सकाळी टिकली. मल्हारचा फोन आला तेव्हा इमाम लालासाहेबाच्याच हॉटेलात होता, आणि हात ऑइलचे म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. चूक.

"इमामभाई..."

"मेली?"

"मेली."

लालासाहेब काउंटरमागं गेला, आपली झोपायची उशी घेऊन आला आणि इमामच्या पुढ्यात ठेवली. "माझ्यापास्नं सुरवात करा."

त्या दिवशी इमाम जेवला नाही. मल्हारच्या एका गाडीनं कुणाचं गॅरेज बंद पडत नसतं. पण धनगरांचे निरोप एका बिऱ्हाडातनं दुसऱ्या बिऱ्हाडात असे जातात की पोस्टानं लाजावं. 'इमामला कळंना' एवढे दोन शब्द घाटावर फिरले की पुढच्या हंगामात त्याच्या दारात उभी राहायला गाडी उरणार नव्हती, आणि इंजेक्शनवाले तर आधीच गेले होते. मग खरोखरच भिंतीवरची ती पिंजण, तो उडणारा कापूस, त्या शिंका आणि दिवसभर समोर लालासाहेब.

शबाना भिंतीकडं बघत होती.

"बघू नगंस तिकडं," इमाम गुरगुरला.

"बघत न्हाई जी. दारातनं सरळ निघंल का आडवी घ्यावी लागंल, त्येचं माप घेतीया."

इमामनं हत्यारांची पिशवी उचलली आणि एसटी धरली.

वाईच्या त्या वावरात तो दिवस मावळताना पोचला. गाडी किकला चालू! त्यानं मल्हारकडं असं बघितलं की मल्हार मेंढरं मोजायला निघून गेला. मल्हारच्या आईनं, हरणाबाईनं, पाहुण्याला भाकरी आणि कालवण वाढलं आणि एक घोंगडं दिलं. इमामनं ते नाकापासून लांब धरून पांघरलं.

सकाळी उठला तर टोपी ओली. घोंगडं ओलं. गवत ओलं, दगड ओले, बोकडाची दाढी ओली. इमाम आयुष्यभर अशा मुलखात राहिला होता जिथं पाणी टँकरातनं येतं आणि त्याच्यामागं भांडण येतं; इथं ते रातोरात फुकट सगळीकडं सांडलं होतं.

त्यानं किक मारली. ठसका. काळा धूर. शांत. पुन्हा मारली. पुन्हा तेच. चोक दिला, चोक काढला, प्लग पुसला, देवाचं नाव घेतलं, सरकारचं घेतलं, शेवटी मल्हारच्या सगळ्या खानदानाचं घेतलं. आणि चिडून दाणकन सीटवर बसला.

थंडगार पाणी पँटीतनं वर चढलं.

इमाम ताडकन उठला. सीटचं कव्हर वर्षानुवर्षांच्या कोकरांच्या खुरांनी फाटून चिंध्या झालेलं. आतला स्पंज रात्रभर दव प्यायला होता. त्यानं हातानं दाबलं तर देवळातल्या गोमुखासारखी धार लागली, ती खाली, बाजूच्या झाकणाच्या आत कुठंतरी.

बूड भिजलं तेव्हा डोकं चाललं. त्यानं घाईनं कार्बोरेटरच्या मागची रबरी नळी, जी फिल्टरकडनं हवा आणते, ती उपसून बाजूला केली. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. किक मारली, आणि गाडी अशी गर्जली की मेंढरं बांधाच्या पलीकडं गेली.

"हवा!" इमाम ओरडला. "कार्बेटरला काय झाल्यालंच न्हाई! त्येला हवाच मिळंना! फिल्टरपाशी तोंड कोंबलंय कुनीतरी!"

पण फिल्टर झाकणामागं आणि झाकण कॅरेजमागं. त्याची जाड बोटं सळयांच्या फटीत दुसऱ्या पेराच्या पुढं जाईनात. त्यानं कॅरेजवर लाथ घातली.

"हे असलं वेल्डिंग कुठल्या हरामखोरानं केलंय रं?"

मल्हार चुळबुळला. "बोलू का?"

"बोल!"

"तुमी."

तेवढ्यात हरणाबाई आली. बारकी, काटक म्हातारी. आजवर किती अडलेल्या मेंढ्या मोकळ्या केल्या त्याचा तिनं हिशेब ठेवला नव्हता. "काय हुडकतायसा?"

"आत कायतरी आडकलंय, मावशी."

"मग ती लोकर हाय की."

इमामनं तिच्याकडं बघितलं. "कसली लोकर?"

"मी घातलेली. सर." तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, बोटं एकत्र जुळवून फटीत घातली, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि डोळे समोरच्या पांडवगडाकडं लावून आत चाचपायला लागली. गाडी व्यायला आली असावी आणि कोकराचा पाय शोधायचा असावा, अगदी तसं. "आली... आली..." तिनं हळूच पिळा दिला आणि ओढलं. आतनं काळा, ओला, चिखलानं लडबडलेला, हातभर लांब लोकरीचा गोळा बाहेर आला आणि गवतावर पडला. शेजारची मेंढी सवयीनं पुढं झाली, वास घेऊन नाराज होऊन परत गेली.

इमामला शिंक आली. मग दुसरी. मग माळच लागली.

"का," तो शिंकांच्या मधनं म्हणाला, "का घातली?"

"तूच सांगितलंस ना ह्याला? धूळ आत जाऊ द्यायची न्हाई. आमी घागरीच्या तोंडाला फडकं बांधतो का न्हाई? तसं ह्येच्या तोंडाला लोकर लावली. आटपाडीत चालली का न्हाई सा म्हैनं?"

"चालली. तिकडं दव न्हाई! हितं दव पिऊन ती फुगती, हवा आडती. आमच्याकडं आली की वाळती!"

"मग त्ये तू सांगायचं हुतंस. मी तर ह्या पोराला दर येळी सांगून धाडलं, आरं इमामला म्हनावं लोकर हाय तिथं, काढू का ठिवू."

इमाम मल्हारवर वळला. "आन् तू सांगितलं न्हाईस!"

"तुमी गप म्हनला."

इमामनं नळी परत बसवली. आटपाडीत खाली घेतलेली सुई वर घेतली, फ्लोटची पातळी होती तशी केली. म्हणजे गेले काही आठवडे त्यानं जी जी दुरुस्ती केली होती ती सगळी काढून टाकली. किक मारली. ओल्या सकाळी गाडी पहिल्यांदा घड्याळासारखी चालू झाली. इमामची मान आपोआप ताठ झाली.

"बघितलंस मल्हाऱ्या? हात लागला की..."

"हात माझा हुता," हरणाबाई म्हणाली. "आन् गाडी बंद पडली तर तू काय करनार हुतास रं? पोरगं सांगत हुतं."

"आता चालू झाली की."

"आदी बंद पडली की."

इमामनं बांधाकडं बघितलं, मल्हारकडं बघितलं, मेंढीकडंसुद्धा बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही.

"जनमभर नगं," म्हातारी म्हणाली. "एकच गादी भर आन् मग धर तुझा पाना. ही." तिनं फाटक्या सीटवर थाप मारली, पाणी उडालं. "ही फाटली म्हनून पानी आत गेलं. आन् कापूस भरू नगंस, भिजून दगड हुतो. लोकर देते मी, धुतलेली."

"लोकर?" इमामचं नाक आत्ताच हुळहुळायला लागलं.

"लोकरच."

सीट काढायला कॅरेज कापावं लागलं. इमाम आणि मल्हार वाईतल्या एका वेल्डरकडं गेले. तो प्रत्येक सांधा कापताना शिव्या हासडत होता, "कुठल्या गाढवानं केलंय हे? जेसीबी बांधायचा होता काय?" मल्हार गप राहिला. त्याला आता सवय होती. पुढचे काही दिवस तो गाडीवर दुमडलेलं घोंगडं टाकून बसला आणि सगळ्या वाईला ते सीटपेक्षा बरं दिसलं.

शनिवारी बोकडांबरोबर टेम्पोतनं सीट आटपाडीला आली, लोकरीचं गाठोडं घेऊन; मागोमाग घोंगड्यावर बसून मल्हार गाडीवर आला. पिंजण दारातनं आडवी घ्यावी लागली. लालासाहेबानं हॉटेलापुढं सडा मारून जागा केली होती आणि बाकडी त्या बाजूला तोंड करून मांडली होती. इमामनं नाकातोंडाला टॉवेल गुंडाळला, तात ताणली, ठोकळा मारला.

टंग.

हात विसरले नव्हते. लोकर फुलायला लागली, टॉवेलातनं शिंका सुटल्या, आणि लालासाहेबाच्या चहाच्या पातेल्यावर लोकरीची साय धरली. आवाज पार पेठेपर्यंत गेला. दोन म्हाताऱ्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात उशा होत्या. "दस्तगीरचा पोरगा का हा?" एकीनं विचारलं. इमामचं उत्तर शिंकेत गेलं. पण दोन्ही उशा त्यानं ठेवून घेतल्या. शबाना दारात उभी राहून बघत होती. आज भिंतीकडं बघायची गरज नव्हती.

गादी नामी झाली. वरनं रेक्झिन मारलेलं, टाके दुहेरी. मल्हार तिच्यावर बसून वाईला गेला आणि वाटेत जी जी बिऱ्हाडं लागली तिथं तिथं उतरला.

त्याचं फळ पुढच्या शनिवारी आलं. एक धनगर फाटकी सीट काखेत मारून गॅरेजपुढं उभा राहिला. मागं आणखी दोघं, त्यांच्याही काखेत सीटच.

"इमामभाई, मल्हारच्यासारखी गादी..."

"गाडी कुठाय?" इमाम पाना घेऊन उठला.

"गाडी बरी हाय. बुडाला टोचतंय फकस्त."

हॉटेलात कुणीतरी चहात ठसकलं.

"गाडी आन आदी!" इमाम गरजला. "कार्बेटर ऐकल्याबिगर सीटला हात लावनार न्हाई! ह्ये गॅरेज हाय!"

धनगर मुकाट गाडी घेऊन आला. इमामनं किक मारली, मान तिरकी केली, डोळे मिटले. इंजिन छान फिरत होतं. समोर बाकडी चिडीचूप. मग इमामनं एक डोळा उघडला.

"सकाळी कशी चालती रं?"

"सकाळी? बोलू का?"

"बोल की लेका. मुहूर्त काढू?"